गणपूर्ती

एकटा असला की तो काहीच करत नाही,
त्सियाला सांगते, चष्मा कपाळावर ढकलून.
खिडकीखाली मत्क्वारी नदी
वितळल्या बर्फानं फुगलेली, गढूळ, कुणाचं न ऐकणारी.

एकटा जिवाणू म्हणजे गरीब गाय.
पाण्यात एक रेणू सोडतो,
शब्द नव्हेच तो, नुसता हुंकार,
आणि वाट पाहतो: कुणी ओ देतंय का.
ओ आली नाही तर विष नाही, भिंत नाही,
गणपूर्तीअभावी सभा तहकूब.

बादरीच्या मांडीतल्या सळईवर
सभा कधी भरली, कुणाला कळलं नाही.
डोंगरातल्या वळणावर ट्रक उलटला, हाड सांधलं,
टाके सुकले,
तो काखेतीला द्राक्षं खुडायलाही जाऊन आला.
आत पोलादावर एक हुंकार, मग सात,
मग इतके, की पाणीच दाट झालं.
आणि एका रात्री, हुकूम देणारं कुणी नसताना,
सगळ्यांनी एकदम बांधकाम काढलं:

साखरेच्या तारांचं, शेंबडासारखं घर.
त्यात पाण्याच्या गल्ल्या.
वरचे मरतात, मधले खातात,
तळाचे उपाशी झोपून राहतात.
औषध मारतं जागत्याला, कामावरच्याला.
झोपलेल्याच्या उशाशी ते नुसतं बसतं
आणि पहाटे लघवीतून निघून जातं.

पट्टी सोडली तेव्हा पू हिरवट होता
आणि खोलीभर द्राक्षांचा वास.
नर्सनं खिडकी उघडली.
बादरी म्हणाला, राहू दे,
मला वाटलं गावाकडून कुणी आलंय.

मग म्हणाला, आमच्या मेजवानीसारखंच की हे.
तामादा बोलेपर्यंत पेल्याला कुणी हात लावत नाही.
तामादाच नाही रे तिथं, त्सियाला म्हणाली.
जो तो दुसऱ्यांचे पेले मोजत बसलेला,
आणि मोजता मोजता
एकदम सगळ्यांचे पेले ओठाला.

तिच्याकडचा उतारा गटारातला.
नाला नदीला मिळतो तिथं, दोरीला बाटली बांधून,
एकतीस वर्षं.
शत्रू माजतो तिथंच त्याचा काळही पोसतो.
वीज नसायची त्या हिवाळ्यांत
तिनं कुप्या बाल्कनीतल्या बर्फात पुरल्या होत्या,
लोणच्याच्या बरणीशेजारी.
नवरा म्हणायचा, एक दिवस चुकशील.
चुकली नाही. नवरा गेला, कुप्या राहिल्या.

बशीवर जिवाणूंची दाट साय,
सायीत विषाणूंनी पाडलेली भोकं.
ती उजेडापुढे धरते:
हे स्वच्छ, घे. हे धूसर, टाक.
धूसरवाला मारेकरी नाही, भाडेकरू;
आत शिरून गुणसूत्रातच बिऱ्हाड करतो.
विषाणूही कान देतात, बादरी.
काही तर यजमानाचाच हुंकार ऐकतात,
गर्दी झाली म्हणतात, आता घर फोडायला हरकत नाही.
काही फोडलेल्या घरात एकेक चिठ्ठी ठेवतात,
चिठ्ठ्या फार झाल्या की हत्यारं म्यान.
एवढ्याशा देहात
मोजणं तेवढं ठेवलंय,
बाकी सगळं गाळून टाकलेलं.

नवव्या दिवशी वास गेला.
बादरी उशी, पट्टी, स्वतःचा हात
हुंगत राहिला.
सगळे मेले का, त्यानं विचारलं.
मला बशीवरचं मोजता येतं, ती म्हणाली,
सळईवरचं तुझी सळईच जाणे.
एखादा असेल.
असू दे,
एकटा आहे तोवर.

जिन्यात दिवा नव्हता.
एके काळी अकरा जणी उतरायच्या इथून, तावातावानं भांडत.
तिनं सवयीनं खाकरून पाहिलं.
वरून कुणी खाकरलं नाही.
पिशवीत दोरी आहे ना, चाचपलं,
आणि नाल्याकडे वळली.